खाण्यापिण्याच्या खर्चाचा मेळ बसत नाही? कुठून तपासायचं आणि कुठे थांबायचं

घरभाडं, विजेचं बिल, विम्याचा हप्ता यांचा हिशेब चुकलेला मी फारसा पाहिलेला नाही. वही बिघडते ती खाण्यापिण्याच्या पानावर. आधी माझीच चार वेळा बिघडली, मग बहिणीची, मग ऑफिसातल्या तिघांची. त्यानंतर "तुला जमतं ना हे, जरा बघ" असं म्हणून लोक मोबाइल पुढे करायला लागले. गंमत अशी की बिघाड त्याच सात-आठ जागांपैकी कुठेतरी असतो. म्हणून आता माझा क्रम ठरलेला आहे. पाच मिनिटांत तपासता येतं ते आधी, आणि सगळं उसवून पुन्हा शिवावं लागतं ते शेवटी.

नेमकं हेच पान का बिघडतं, याचं उत्तर संख्येत आहे. भाड्याची महिन्याला एक नोंद. खाण्यापिण्याच्या दिवसाला तीन धरल्या तरी महिन्याच्या नव्वद. शंभरातल्या पाच नोंदी सुटणं हा काही मोठा गाफीलपणा नव्हे, पण नव्वदात तेवढ्याच प्रमाणात सुटल्या तर चार-पाच जेवणं कागदावरून गायब होतात.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ओळखा. सगळ्यांना एकच औषध चालत नाही.

- खिशातून आणि खात्यातून गेलेत त्यापेक्षा वहीत नेहमी कमी दिसतं. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. (तपासणी १ आणि ३)
- उलटं: वहीतला खर्च जास्त, प्रत्यक्षात पैसे तेवढे गेलेले नाहीत. (४)
- महिन्याचा पहिला आठवडा भरगच्च, तिसरा जवळपास कोरा. (३)
- रकमा सगळ्या गोल. ५०, १००, २००. खरी बिलं इतकी शहाणी नसतात. हे आकडे आठवणीतून आलेत. (३)
- एकाच महिन्याची बेरीज दोन ठिकाणी दोन वेगळी येते. (५)
- "इतर" हे खातं सगळ्यांत जाड झालंय. (६)
- बेरीज चोख, पण तिच्याकडे बघून काहीच कळत नाही. (२ आणि ६)
- तुमचं सगळं लिहिलेलं आहे, तरी घराचा आकडा जुळत नाही. (७)

१. आधी फरक किती आहे ते काढा

बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि थेट नवं ॲप उतरवून घेतात. फरक कळल्याशिवाय दुरुस्ती करणं म्हणजे ताप न मोजता गोळी घेणं.

फक्त एक आठवडा घ्या, महिना नको. आठवड्याच्या सुरुवातीची शिल्लक लिहा: पाकिटातली रोख, बँकेतली रक्कम, मोबाइल वॉलेटमधली रक्कम. त्यात आठवड्यात आलेले पैसे मिळवा आणि आठवड्याच्या शेवटची शिल्लक वजा करा. एवढे पैसे खरोखर गेले. कार्डावर उधारीत घेतलं असेल तर तेही यात धरा. आता यातून भाडं, प्रवास, औषधं असं खाण्यापिण्याबाहेरचं सगळं काढून टाका. उरलं ते खाण्यापिण्याचं. वहीची बेरीज याच्याशेजारी ठेवा. दोन्हींतलं अंतर हा तुमचा फरक.

तो कुठल्या बाजूला झुकलाय तेही बघा. वहीत कमी असेल तर नोंदी सुटल्यात. वहीत जास्त असेल तर काहीतरी दोनदा चढलंय. अर्धं निदान इथेच होतं.

आता आकड्याकडे जरा निरखून बघा. जुने कारकून ताळा न जुळल्यावर जे करायचे तेच करायचं. फरकाला ९ ने नि:शेष भाग जातो का? जात असेल तर एखाद्या रकमेतले अंक आलटापालट झाले असण्याची शंका घ्या. ५४ च्या जागी ४५ लिहिलं तर फरक ९, ६३० च्या जागी ३६० लिहिलं तर २७०. एक शून्य जास्त पडलं तरी हेच घडतं. ५० चे ५०० झाले की फरक ४५०, त्यालाही ९ ने भाग जातो. ही खूण आहे, पुरावा नाही. कुठल्याही आकड्याला ९ ने भाग जाण्याची शक्यता नऊत एक असतेच. दुसरी खूण: फरकाच्या निम्मी रक्कम वहीत कुठे दिसते का? दिसली तर ती चुकीच्या बाजूला बसलीय. १२० परत मिळाले होते आणि तुम्ही ते खर्च म्हणून चढवले, तर अंतर २४० चं पडतं. आणि फरक एखाद्या नोंदीइतकाच तंतोतंत असेल तर ती नोंद एकदा जास्त आलीय. बिलात तेवढी रक्कम असून वहीत नसेल, तर ती लिहायची राहिलीय.

फरक एकूण खर्चाच्या दोन-तीन टक्क्यांच्या आत असेल तर मी वही मिटते. तो शोधण्यात रविवार घालवणाऱ्या माणसाला मी ओळखते. आरशात रोज दिसायची.

२. महिना महिन्यासारखा आहे का?

यात काही मोडलेलं नसतंच, तरी लोक घाबरतात. "या महिन्यात खाण्यावर दहा टक्के जास्त गेले!" अहो, मागचा महिना २८ दिवसांचा होता आणि हा ३१ चा. नुसत्या दिवसांनीच जवळपास ११ टक्के वाढतात. शिवाय ३१ दिवसांचा महिना शुक्रवारी सुरू झाला तर त्यात पाच शुक्रवार, पाच शनिवार आणि पाच रविवार येतात. बाहेर खाणं याच दिवसांत होत असेल तर तुलना कशाशी करताय ते बघा. उपाय सोपा: दिवसाची सरासरी काढा, किंवा महिन्याऐवजी चार-चार आठवड्यांचे गट करा. चार आठवड्यांत प्रत्येक वार बरोबर चार वेळा येतो.

साठवणीच्या खरेदीचंही तसंच. महिनाअखेरीला तीन महिन्यांचं धान्य किंवा तेल भरलं तर तो महिना फुगणार आणि पुढचे दोन रोडावणार. काहीजण ती रक्कम तीन महिन्यांत वाटून लिहायला जातात आणि दुसऱ्याच महिन्यात विसरतात. पैसे गेले त्या तारखेला पूर्ण रक्कम लिहा आणि बाजूला "साठवण" असा शेरा मारा. एवढं पुरतं.

३. पैसे देणं आणि लिहिणं यांत किती वेळ जातो?

मला दाखवलेल्या वह्यांपैकी निम्म्याहून जास्त इथेच फुटलेल्या असतात. म्हणून इथे जरा थांबूया.

लोक म्हणतात, "मी रात्री बसून दिवसभराचं लिहितो." पहिल्या आठवड्यात खरंच लिहितात. मग एक रात्र चुकते. दुसऱ्या रात्री दोन दिवसांचं आठवायचं असतं. जेवण आठवतं, कारण ते कुणाबरोबर तरी असतं, बसून असतं. स्टेशनवर घेतलेली पाण्याची बाटली आठवत नाही, दुपारची दुसरी कॉफी आठवत नाही, मित्राने मागवलं आणि आपण पैसे दिले ते तर मुळीच नाही. म्हणजे स्मरण सगळीकडून सारखं गळत नाही. लहान, उभ्याउभ्या आणि एकट्याने केलेला खर्च आधी गळतो. खाण्यापिण्यात नेमका तोच जास्त असतो. म्हणून फरक नेहमी त्याच बाजूला पडतो: वहीत कमी.

हे फक्त तुमचंच होतं असं समजू नका. कुटुंबांच्या खर्चाची पाहणी करणाऱ्या सरकारी यंत्रणाही याच खड्ड्यात पडून शिकल्या आहेत. अमेरिकेच्या ग्राहक खर्च पाहणीत मोठ्या आणि नियमित खर्चासाठी तीन-तीन महिन्यांनी मुलाखत घेतात, पण रोजच्या बारीकसारीक खरेदीसाठी कुटुंबाच्या हातात डायरी देतात, तीही लागोपाठ दोन आठवड्यांपुरतीच. पाहणी करणाऱ्यांना माहीत आहे की माणूस डायरीला कंटाळतो आणि दिवस जातील तशा नोंदी विरळ होतात. आठवणीचा दुसरा खोडसाळपणा म्हणजे जुनी खरेदी अलीकडे ओढून आणणं. गेल्या महिन्यातलं मोठं जेवण "परवाच झालं" असं वाटतं. नेटर आणि वाक्सबर्ग या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये याची पद्धतशीर तपासणी करून ती प्रसिद्ध केली. तुमचा तिसरा आठवडा कोरा राहत असेल तर तो आळस म्हणून मनाला लावून घेऊ नका. पद्धतच अशी बांधायची की तिला कंटाळा झेपेल.

मी करायला लावते ते एवढंच. पाकीट किंवा मोबाइल परत खिशात जाण्याआधी नोंद. नोंदीत दोनच गोष्टी: रक्कम आणि एक शब्द. तारीख मोबाइल आपोआप घालतो. खातं निवडायचं नाही, दुकानाचं नाव नाही, फोटो नाही. काउंटरवर मागे रांग उभी असताना "हे नाश्त्यात टाकू की पेयात" हा प्रश्न पडला की हात थांबतो, आणि थांबलेला हात नोंद करत नाही. वर्गवारी आठवड्यातून एकदा, बसून.

ॲप उघडायला चार टिचक्या लागत असतील तर ते काढून टाका. स्वतःलाच निरोप पाठवायची सोय बहुतेक निरोपाच्या ॲपमध्ये असते, तिथे "८० कॉफी" असं टाकलं तरी नोंद झाली. माझ्या बहिणीची वही या एका बदलावर दोन वर्षं तग धरून आहे. तिच्याकडे आधी आलेखबिलेख काढणारं फार देखणं ॲप होतं.

बिलं जपून ठेवून "नंतर चढवू" म्हणणाऱ्यांसाठी एक सूचना. दुकानातली बहुतेक बिलं उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावर छापलेली असतात, त्यावर शाई नसते. ऊन, गरम गाडी, तेलकट हात किंवा प्लॅस्टिकचं पाकीट यांनी अक्षरं पुसट होतात. खाण्याच्या बिलाला तेलकट हात लागणारच. ठेवायचीच असतील तर आठवड्याच्या आत चढवा.

आणि एखादा दिवस पूर्ण सुटलाच तर? तो उकरत बसू नका. "अंदाज" असा शेरा मारून एकच ढोबळ रक्कम टाका आणि आजची नोंद आजच करा. महिन्यात असे चार-पाच दिवस असले तरी वही जगते. वही मरते ती सुटलेले सहा दिवस आठवून लिहिण्याच्या संकल्पाने.

४. एकच पैसा दोनदा तर मोजला नाही?

वहीत जास्त दिसत असेल तर इथेच या. एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा हा खर्च नव्हे, इतकं साधं तत्त्व आहे. पण मोबाइल आणि कार्डांमुळे आता खिसे पाच झालेत.

नेहमीचा गुन्हेगार: वॉलेटमध्ये किंवा कॅन्टीनच्या कार्डात पैसे भरले तेव्हा एकदा खर्च लिहिला, आणि त्यातून खाल्लं तेव्हा पुन्हा. दुसरा: क्रेडिट कार्डाने जेवलो तेव्हा लिहिलं, आणि महिन्याने कार्डाचं बिल भरलं तेव्हा ती सगळी रक्कम आणखी एकदा. खर्च खाल्ल्याच्या दिवशीच. भरणा ही नुसती बदली, म्हणजे पैशाची एका खिशातून दुसऱ्यात हलवाहलव. बँकेशी जोडलेलं ॲप वापरत असाल तर बदल्यांना त्याने "खर्च" म्हटलंय का ते मुद्दाम बघा. यंत्राला खिसे ओळखता येत नाहीत, ते त्याला शिकवावे लागतात.

तिसरा प्रकार जरा लबाड आहे. काही ठिकाणी कार्ड दिल्यावर आधी एक रक्कम अडवून ठेवतात आणि खरी रक्कम एक-दोन दिवसांनी पक्की होते. टिप नंतर जोडली गेली की दोन्ही आकडे वेगळे दिसतात, आणि ॲप त्यांना दोन व्यवहार समजू शकतं. म्हणून पक्क्या झालेल्या व्यवहारांवरूनच मेळ घाला. रद्द झालेल्या ऑर्डरीचे परत आलेले पैसे "उत्पन्न" म्हणून लिहू नका, ते त्याच खात्यात वजा करा. नाहीतर खाणंही फुगतं आणि कमाईही.

आणि वाटून घेतलेलं बिल. पाच जण जेवले, पैसे तुम्ही दिले, चौघे नंतर देणार. तुमचा खर्च एक पंचमांश. बाकीचं "येणे". चौघांपैकी एक कधीच देत नाही, हे गृहीत धरा. महिना उलटला की त्याची रक्कम "पाहुणचार" या खात्यात टाकून मोकळं व्हायचं. मैत्री टिकते आणि वहीही.

५. तक्त्याचीच बेरीज चुकतेय का?

कागदाची वही असेल तर हे सोडून पुढे जा.

तक्त्यात, म्हणजे मोबाइल-संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये, लिहिणाऱ्यांना वाटतं, यंत्र बेरीज चुकणार कसं? यंत्र चुकत नाही, त्याला काही आकडे आकडे वाटतच नाहीत. चौकटीतला आकडा डावीकडे चिकटलेला दिसला तर शक्यता अशी की तो मजकूर म्हणून बसलाय, आणि नेहमीचं बेरजेचं सूत्र मजकूर चुपचाप गाळतं. रकमेपुढे चलनाची खूण किंवा मागे मोकळी जागा हाताने टाकली की असं होतं. देवनागरी अंकांत टाइप केलेल्या रकमांनीही मला असाच हिसका दिला आहे. तपासायची युक्ती: त्या स्तंभावर एकदा फक्त आकडे मोजणारं सूत्र (COUNT) लावा, एकदा भरलेल्या सगळ्या चौकटी मोजणारं (COUNTA). दोन्ही उत्तरं सारखी नसतील तर फरकाइतक्या नोंदी बेरजेबाहेर आहेत.

आता आपल्या भाषेतली एक खास गोम. "कॉफी" हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात क ला थेट "ॉ" हे एकच चिन्ह लागतं. दुसऱ्यात आधी काना आणि मग त्यावर चंद्र: "काॅफी". डोळ्याला दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र दोन निराळे शब्द. त्यामुळे खातेनिहाय बेरजेत कॉफी दोन ओळींत विभागली जाते आणि दोन्हीकडे बेताची वाटते. माझ्या तक्त्यात हे सात महिने चाललं होतं. "हॉटेल", "चॉकलेट" यांचीही तीच गत. उपाय: खात्यांची नावं हाताने टाइपच करू नका, यादीतून निवडा.

बाकी दोन गोष्टी घाईत. बेरजेचं सूत्र शेवटच्या ओळीपर्यंत पोचतंय ना? तळाशी नव्या ओळी वाढतात आणि सूत्र जुन्याच जागी थांबतं. आणि गाळणी (फिल्टर) लावलेली असताना साधी बेरीज लपलेल्या ओळीही धरते. फक्त दिसणाऱ्या ओळींची हवी असेल तर उपबेरजेचं सूत्र (SUBTOTAL) वापरावं लागतं. तारखांचा घोळ असेल तर १२ च्या पुढच्या तारखा बघा. ३/४ ही तारीख ३ एप्रिलही होते आणि ४ मार्चही, पण १३/४ उलटी वाचता येत नाही. त्यामुळे दिवस-महिना उलटला असेल तर १२ पर्यंतच्या तारखा भलत्याच महिन्यांत पांगतात आणि पुढच्या मजकूर बनून पडून राहतात.

६. खात्यांच्या सीमा

इथून पुढे काम अवघड, कारण मागचंही बदलावं लागतं.

"जेवण", "नाश्ता", "स्नॅक्स", "पेय", "किराणा", "इतर" अशी खाती बहुतेकांकडे असतात. दुधाची पिशवी पेय की किराणा? ऑफिसात मागवलेलं सॅलड जेवण की स्नॅक्स? दर वेळी वेगळं उत्तर मिळालं की आकडे निरर्थक होतात.

देशोदेशीची सांख्यिकी कार्यालयं हाच प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या खर्च-वर्गीकरणाने सोडवतात. त्यात पदार्थ आणि मद्यविरहित पेयं हा पहिला विभाग, मद्य आणि तंबाखू दुसरा, आणि उपाहारगृहातलं खाणंपिणं थेट अकराव्या विभागात, निवासाच्या सेवांबरोबर. म्हणजे घरी आणलेली कॉफीची पूड पहिल्यात आणि कॅफेतला कप अकराव्यात. वस्तू एकच, पण बाहेर तुम्ही दुसऱ्याच्या हातांचे, जागेचे आणि भांडी घासण्याचेही पैसे देता. ही रेघ मला पटते. कारण खर्च कमी-जास्त करायचा तर निर्णय याच रेघेवर होतो: घरी करायचं की तयार घ्यायचं. "नाश्ता की स्नॅक्स" यावर कुणाचाच कसलाही निर्णय अडलेला नसतो.

माझी खाती चारच आहेत. घरात आणलेलं सामान. बाहेर बसून किंवा मागवून खाल्लेलं तयार अन्न. जाता-येता घेतलेलं किरकोळ. आणि दुसऱ्यांसाठी केलेलं, म्हणजे पाहुणचार, भेट, पार्टी. घरपोच आणण्याचं शुल्क आणि टिप दुसऱ्यातच, वेगळं खातं नको. ते पैसे खाण्यासाठीच गेले. मद्य घेत असाल तर मात्र त्याला पाचवं, स्वतंत्र खातं द्या. जेवणाच्या बिलात ते फार छान लपतं.

मोठ्या दुकानाच्या बिलात साबण आणि बल्बही असतात. मी बिलावर नजर टाकते. खाण्याबाहेरचं दहाव्या भागापेक्षा कमी वाटलं तर सगळं सामानात, जास्त असेल तर दोन नोंदी. काटेकोर नाही, पण दर वेळी सारखं आहे, आणि तुलनेला तेच लागतं.

"इतर" खातं एकूण रकमेच्या दहाव्या भागापलीकडे गेलं तर ते उघडून वाचा. तिथे नेहमी एखादं नाव न मिळालेलं खातं दडून बसलेलं असतं. एकाकडे ते मुलीच्या डब्याशिवायच्या खाण्याचं निघालं, दुसऱ्याकडे प्रवासातल्या पाण्याचं.

सीमा ठरल्या की खर्चाकडे टक्क्यांनीही बघता येतं. उत्पन्न वाढतं तसा त्यातला अन्नावरचा वाटा घटत जातो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये बेल्जियममधल्या कुटुंबांच्या हिशेबांवरून मांडलं. रक्कम वाढू शकते, वाटा कमी होतो. म्हणून पगार वाढल्यावर खाण्याची रक्कम वाढली म्हणून लगेच धसका घेऊ नका, वाटा बघा. तोही वाढला असेल तर बहुतेक वेळा वाढ "तयार" आणि "किरकोळ" या दोन खात्यांत सापडते.

७. लिहिणारा एक, खाणारे अनेक

तांत्रिक काहीच सापडलं नाही आणि तरी फरक आहे, तर दुसऱ्या पाकिटाकडे बघा. दोघं खर्च करतात आणि एकच जण लिहितो, हा बिघाड वहीत दिसतच नाही. दुसऱ्याला "आज काय काय घेतलंस?" असं रोज विचारलं की तिसऱ्या दिवशी ती उलटतपासणी होते, आणि उत्तरं लहान होत जातात. घरात भांडण लावायचं असेल तर याच्याइतकी स्वस्त युक्ती नाही.

मला चाललेली वाट ही: सामायिक खर्च, म्हणजे घरचं सामान आणि एकत्र खाल्लेलं, एका सामायिक वहीत. वैयक्तिक किरकोळ खर्चासाठी प्रत्येकाला आठवड्याची ठरलेली रक्कम. ती दिली त्या क्षणी खर्च झाली असं लिहायचं आणि तिचा हिशेब कुणी कुणाला मागायचा नाही. फरक तिथल्या तिथे मिटतो, कारण जिथे तो निर्माण होत होता ती जागाच वहीबाहेर गेली.

८. सगळं पुसून नव्याने

सगळ्यांत मोठी दुरुस्ती, म्हणून शेवटी. तीन महिने मागचा घोळ उपसत बसण्यापेक्षा एक तारीख ठरवा. त्या दिवसाच्या शिल्लका मोजा. वही आणि शिल्लक यांतलं अंतर "न सापडलेला फरक" या एकाच नोंदीने बंद करा, खाली रेघ मारा. व्यवसायातही न जुळणारी रक्कम तात्पुरती उचंत (सस्पेन्स) खात्यात टाकून पुढे जातात. त्यात लाज नाही.

नव्याने मांडताना आधीचीच पद्धत पुन्हा आणू नका. नोंदी दोनदा मोडल्या असतील तर नोंदीच सोडा. खाण्यापिण्यासाठी बँकेत वेगळं खातं किंवा वेगळं कार्ड ठेवा, दर आठवड्याला त्यात ठरलेली रक्कम भरा आणि फक्त उरलेली शिल्लक बघा. कशावर गेले हे कळणार नाही, किती गेले हे पक्कं कळेल. निम्म्या लोकांना तेवढंच हवं असतं. ते न विचारता आलेखांच्या मागे लागलेले असतात. रोखीने करणार असाल तर साध्या पाकिटांतही हे होतं, आणि नोट हातातून सुटताना जरा टोचतं, हा फायदाच.

नव्या वहीला चार आठवडे द्या. त्याआधी तिच्याबद्दल मत बनवू नका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

ओळख न पटणारा व्यवहार दिसला तर हिशेब तिथेच सोडा. आठवड्याच्या मेळाची वाट बघू नका, लगेच बँकेला कळवून कार्ड बंद करून घ्या. रक्कम चिल्लर आहे म्हणून दुर्लक्ष करू नका. चोरलेलं कार्ड चालतं का हे बघायला आधी छोटीच रक्कम काढतात, आणि ती खाण्यापिण्याच्या बारीक नोंदींत सहज मिसळते. नंबर कार्डामागचाच वापरा, निरोपातून आलेला नको.

व्यवसायासाठीची जेवणं करातून वजा करायची असतील तर ते घरच्या वहीत ठरवू नका. कोणतं बिल चालतं, किती चालतं, कागद किती वर्षं ठेवायचे हे जागोजागी निराळं असतं. हिशेबनिसाला किंवा कर-सल्लागाराला विचारा. त्यांच्याकडे जाण्याआधी ती बिलं वेगळी काढून ठेवलीत तर त्यांचाही वेळ वाचेल.

रोजचं सामान कार्डावर उधारीत येतंय आणि महिन्याला फक्त किमान रक्कम भरली जातेय, असं दिसलं तर वही नीट करून काही होणार नाही. वही बरोबरच सांगतेय. तिथे कर्ज-समुपदेशक किंवा स्वतः बँक, आणि तेही या महिन्यात.

आणखी एक, हे मला एका मैत्रिणीच्या वहीवरून उशिरा कळलं. तिचा हिशेब अप्रतिम जुळत होता. आकडा दर आठवड्याला खाली येत होता आणि ती खूश होती. मग लक्षात आलं की दुपारच्या नोंदीच नव्हत्या. सुटल्या नव्हत्या, ती जेवतच नव्हती. आकडा खाली आणण्यासाठी जेवण गाळलं जात असेल, खाल्ल्यावर लिहायची भीती वाटत असेल, किंवा दारूची बिलं वहीपासून लपवावीशी वाटत असतील, तर त्या दिवशी वही बंद. डॉक्टर किंवा समुपदेशक यांच्याकडे जा. जमलं तर वही सोबत न्या, त्यांना उपयोगी पडू शकते. मैत्रिणीची वही मीच कपाटात टाकली. ती अजून तिथेच आहे, कोऱ्या दुपारींसकट.